धबधब्याला पाठ दाखवायची नाही

अवो थांबा, थांबा! पाठ फिरवून कुठं निघालात? सकाळी गडहिंग्लजला गाडीत बसल्यापासून सांगतोय, या धबधब्यावरून परत फिरताना तोंड पाण्याकडं ठेवायचं आणि उलट्या पावलांनी त्या पायऱ्यांपर्यंत जायचं. एकानं उलटं चालायचं, दुसऱ्यानं मागून त्याचा हात धरून वाट दाखवायची. दिवसभर मी घसा कोरडा करून बोलतोय आणि तुम्ही मोबाईल बघताय. मल्लनकोटात लोणी डोसा खायला एवढा वेळ लावलात की किल्ला धावत बघावा लागला. आता निदान हे तरी नीट ऐका. या दुंडाप्पाचं डोकं फिरलं तर गाडीत चहा मिळायचा नाही.

तर असं सांगतात, की हद्द तेव्हाही इथंच होती. आता पाट्यांवरची अक्षरं बदलतात, तेव्हा राजे बदलायचे. नदीच्या अलीकडचा मुलूख एकाचा, पलीकडचं मल्लनकोट दुसऱ्याचं. सोयरिकी मात्र दोन्हीकडं व्हायच्या. लगीन लागलं की पाठवणी व्हायची त्या तिथं, दोन धारांच्या मधे कोरडा खडक दिसतोय ना, त्यावर. तेव्हा दोन धारा नव्हत्या, म्हणे. एकच नदी होती आणि खडकावरून उथळ पाण्यातून पलीकडं जाता यायचं.

रीत अशी, की माहेरच्यांनी मुलीला खडकावर सोडायचं आणि मागं वळून न बघता घरची वाट धरायची. बघितलं तर मुलीचं मन सासरी लागत नाही. सासरच्यांनीही पुढं चालायचं, वेशीत शिरेपर्यंत मागं बघायचं नाही. बघितलं तर नवरी परत जाते. कोणी काढल्या असल्या रीती, देव जाणे! पोरगी सोडून सगळ्यांच्या सोयीच्या.

रायगोंडा नावाच्या पाटलाची लेक, लगमा. तिची पाठवणी अशीच झाली. माहेरचे वर चढाला लागले, सासरचे वाजंत्री लावून मल्लनकोटाकडं निघाले. आणि नवरीचा पाय खडकाच्या भेगेत अडकला. पोरीनं हाका मारल्या. पण धबधब्याचा आवाज तुम्ही ऐकताच आहात, त्यात ढोल आणि सनई. माहेरच्यांना वाटलं, ती आता सासरच्यांबरोबर आहे. सासरच्यांना वाटलं, ती मागनं येतेच आहे. दोन्हीकडची एवढी माणसं, आणि एकानंही मान वळवली नाही! सांगताना अजून माझं रक्त तापतं, बघा.

वर घाटात तेव्हा पाऊस झाला होता. नदी चढायला लागली.

लगमाची आई तायव्वा. चढावर तिचा पाय उचलेना. तिनं वळून बघितलं, तर पाण्याच्या मधोमध हिरवं लुगडं. "अवो, लगमा खडकावरच ऱ्हायली!" ती ओरडली. रायगोंडा पुढं बघतच म्हणाला, "मागं बघू नगंस. अपशकुन करतीस काय पोरीला?" भाऊबंद म्हणाले, आईची माया आहे, तिला असं दिसणारच. आणि चालत राहिले. आता याला काय म्हणायचं? मी तर म्हणतो, डोक्यात दगड भरलेत मेल्यांच्या.

तायव्वा एकटीच खाली धावली. पाणी लगमाच्या गुडघ्याला लागलं होतं. आत शिरायची सोय नव्हती. ती काठावर उभी राहिली आणि नदीला म्हणाली, "माझी लेक वेशीत जाईस्तोवर मी तिच्यावरची नजर काढनार न्हाई. अन् माझी नजर तिच्यावर हाय तोवर तू तिला शिवायचं न्हाई."

आणि नदी दुभंगली, असं सांगतात. एक धार अलीकडनं, एक पलीकडनं, मधला खडक कोरडा. पलीकडची धार एवढी पातळ झाली, की लगमानं पाय सोडवला आणि ती चालत काठाला लागली.

पण नवस वेशीपर्यंतचा होता. लगमा झाडीत शिरली तशी काठावरून दिसेना. मग तायव्वा उलट्या पावलांनी चढ चढू लागली. लेक जितकी लांब जाईल, तितकी आई वर. पायाखाली काय आहे ते बघायचं नाही, कारण नजर हलवायची नव्हती. आणि चढाच्या माथ्यावर मागच्या अंगाला कडा आहे. सकाळी तुम्ही तिथंच फोटो काढत होता, मी ओरडलो म्हणून रुसला होतात.

लगमा वेशीत पोचली आणि तिनं वळून बघितलं. माथ्यावर कोणी नव्हतं.

ती तशीच परत धावत आली, म्हणे. कड्याखाली दोन्हीकडची माणसं जमली, आणि तिथंही वाद सुरू! मागं बघितलं म्हणून हे घडलं, असं दोन्ही सोयऱ्यांचं एकमत. तेव्हा लगमा म्हणाली, "मागं बघितल्यानं माझी आई गेली न्हाई. तिचा हात धरायला कोन न्हवतं, म्हनून गेली." तिनं तिथंच सांगितलं, की इथून जाताना कोणी पाठ फिरवायची नाही, आणि बघणाऱ्याला एकटं सोडायचं नाही.

आजही हद्दीच्या दोन्ही अंगांना पाठवणी तशीच होते. आई लेकीकडं तोंड करून उलटी चालते, बाप तिचा हात धरून पुढची वाट बघतो. माझी मल्लव्वा याच मल्लनकोटात दिलीय. तिच्या पाठवणीला बायको उलटी चालत होती आणि मी हात धरला होता. दगड सांगू, खड्डा सांगू, का रडू? एकदाही वळून बघता आलं नाही मला. चिडून तरी कोणावर चिडायचं?

घरी पोचल्यावर बायको म्हणाली, "वेशीत शिरताना हसली बघा पोरगी. तुम्ही बघितलं न्हवं?"

मी म्हणालो, "बघितलं की."