गुंजांचा खुळखुळा

खेळण्यांना बोलता यायचं, त्या काळची ही गोष्ट. लाकडी खेळणी करणारा तातोबा कातारी आपल्या नातीसाठी खुळखुळा करत होता. आत खडे घातले तर नुसती खरखर व्हायची, चिंचोके घातले तर आवाज दबका यायचा. शेवटी त्याने मूठभर लाल गुंजा घातल्या, आणि आवाज असा गोड निघाला की तो स्वतःच हरखला.

"अहो, विषारी असतात त्या!" त्याची बायको म्हणाली.

"लाखेनं तोंड बंद केलंय. बाहेर येतातच कशा?"

हे ऐकून खुळखुळ्याची छाती फुगली. पण नातीने त्याला पहिल्यांदा तोंडात घातलं, तेव्हा त्याच्या पोटातून कुजबुज आली, "जराशी फट दे ना. बाळाला भेटायचंय."

"जीव गेला तरी नाही," खुळखुळा म्हणाला.

"नको देऊस. आम्हाला घाई नाही."

नातीने त्याला चावलं, आपटलं, पण लाख टिकली. नात मोठी झाली, तिचं लग्न झालं, आणि खुळखुळा तिच्या पेटीत पडून राहिला. वर्षानुवर्षं लाख वाळत गेली. एक दिवस अंधारात बारीकसं काहीतरी तडकलं, आणि गुंजा हसल्या.

मग पेटी उघडली.

"माझ्या आजोबांनी केलाय बरं का, सोन्या," म्हणत नातीने तो आपल्या बाळाच्या हातात दिला.

'नको, नको!' खुळखुळा जीव तोडून ओरडला. पण माणसांना ऐकू जाईल असा त्याच्यापाशी आवाज एकच होता, आणि तो गुंजांचा होता.

बाळ खुदकन हसलं, आणि त्याने खुळखुळा तोंडाकडे नेला.