दिवाणजींनी तपासलेलं ताट

“माझ्या वृद्धाश्रमात खोट? अशक्य!” राजा धवलसेन गरजला. “दिवाण त्रिंबकपंत दर पौर्णिमेला जातीने तपासणी करतात. शेरा एकच – उत्तम!”

समोर काठी टेकून गोजराबाई उभी होती. जुन्या कपड्यांवर भांडी देत गावोगाव हिंडलेली ही बोहारीण. मागेपुढे कुणी नव्हतं, म्हणून म्हातारपणी राजाच्या आश्रमात आली होती.

“महाराज, सकाळच्या भाकऱ्या आम्हाला रात्री वाढतात. वाळून पापड झालेल्या! माझ्या शेजारच्या तान्हीआक्काच्या तोंडात एक दात नाही. भिजवून चोखते बिचारी. पार वाळून गेलीय. असंच चाललं तर ती दिवाळी बघत नाही!”

“मी चाखलीय ती भाकरी,” दिवाणजी बत्तीशी दाखवत म्हणाले. “छान कुरकुरीत असते!”

“तुमच्या दातांना असेल हो! आम्हाला कधी विचारलंत?”

विचारणार तरी कधी? उपाशी पाहुण्यापुढे गाऱ्हाणं मांडायचं नाही, ही आश्रमाची रीत. आणि दिवाणजी जेवले की तोंडात विडा धरून थेट पालखीत!

पण राजा हट्टाला पेटला. “माझ्या दिवाणाची तपासणी खोटी ठरवतेस? मग सिद्ध कर! उद्या दुपारी मी आश्रमात येतो. मात्र तिथे तुमच्यापैकी कुणी तक्रारीचा एक शब्द जरी काढला, तर तू बोचकं उचलायचं आणि चालू लागायचं!”

दरबार खदखदून हसला. तक्रार न करता तक्रार? गोजराबाई मनाशी हिशोब करू लागली. या वयात जायचं कुठे? आणि तान्हीआक्काचं काय? पण बोहारणीची अक्कल ती! गिऱ्हाइकापुढे भांड्याचं गुणगान गात बसायचं नसतं. भांडं त्याच्याच हातात द्यायचं, वाजवू दे त्यालाच!

“कबूल!” ती म्हणाली. “पण महाराज, उद्या आमच्याकडेच जेवायला या. आणि सकाळपासून काही खाऊ नका हं!”

दुसऱ्या दिवशी राजा पाटावर बसला तेव्हा पोटात कावळे कोकलत होते. समोर ताट आलं. गरम थालीपीठ, त्यावर लोण्याचा गोळा, भरलं वांगं आणि तुपाने थबथबलेला शिरा! राजाने हात पुढे केला.

“थांबा, महाराज! आधी तपासणी. या, दिवाणजी!”

राजाबरोबर आलेले दिवाणजी वाकले. थालीपीठ चाखलं, वांगं चाखलं, शिऱ्याचा मोठा घास घेतला. “उत्तम!”

“झालं तर!” गोजराबाईने खूण केली आणि वाढप्याने ताट उचललं.

“अरे! ताट कुठे चाललं?”

“तपासणी झाली ना, महाराज! हा घ्या विडा.”

“पण मी जेवलो कुठे?”

“असं कसं? दिवाणजी, महाराजांचं जेवण कसं झालं?”

सवयीने दिवाणजींच्या शिऱ्याने भरलेल्या तोंडातून शब्द सुटला, “उत्तम!”

राजा ताडकन उठला. “त्याला काय विचारतेस? भूक माझी! पोट माझं! जेवण कसं झालं ते मला विचार ना!”

तान्हीआक्काने पदर तोंडाला लावला, पण तिचे खांदे गदगदा हलत होते.

गोजराबाईने हात जोडले. “महाराज, आम्ही चकार शब्द काढला नाही. आमची तक्रार आपणच केलीत. आणि काय झकास केलीत!”

राजा असा हसला, असा हसला की फेटा सुटून गळ्यात आला!

“हरलो, बाई, हरलो! आता ते ताट आणा, नाहीतर दिवाणालाच खाईन!”

जेवता जेवताच त्याने हुकूम सोडला : रोज रात्री चूल पेटेल, गरम मऊ भात शिजेल. तपासनीस गोजराबाई, मदतीला तान्हीआक्का. दोघींना मानाची शाल!

“आणि मी, महाराज?” दिवाणजींनी भीतभीत विचारलं.

“तुम्ही यांच्या मागोमाग फिरायचं आणि एकेका आजी-आजोबांचं म्हणणं ऐकायचं,” राजा बोटं चाटत म्हणाला. “आणि आजपासून आश्रमाची रीत उलटी! शेवटच्या म्हातारीचं बोलणं संपल्याशिवाय पाहुण्याला ताट नाही!”