शोकसभेतलं शेवटचं कडवं

"...मग गायला तिला का पाठवलं, आणि मला नुसतं बघायला?"

शेवंता दारातूनच बोलली. पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती.

अनसाक्का तांदूळ निवडत होती. ओढ्याकाठच्या त्या मठात बायकांना भजन शिकवायला लागून तिला चाळीस वर्षं झाली होती. आता गळा बसला होता. ती आपली वीणा जिच्या गळ्यात घालील, तिनं पुढं मठाचं भजन चालवायचं, असा रिवाज. शिकणाऱ्या दोघीच उरल्या होत्या. शेवंता आणि द्रौपदा. वीणा कुणाची, हे शेवंतानं मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं.

त्यात आमदार आबासाहेब निंबोरे गेले. तालुक्याला कालव्याचं पाणी दाखवलेला माणूस. शाळेच्या मैदानावर शोकसभा ठेवली, मठाकडं भजन मागितलं. आक्कानं द्रौपदाला पाठवलं आणि शेवंताला सांगितलं, "तू गाऊ नकोस. बायकांत बस आणि बघ. शिकण्यासारखं पुष्कळ असतं तिथं."

"चप्पल काढ. आत ये," आक्का म्हणाली. "काय बघितलंस?"

"बघितलं की! कडक इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती. सासऱ्याच्या दहाव्याला नेसली नव्हती तसलं. माइक पुढ्यात आला तर दोनदा घसा खाकरला. वरचा सूर लागेना, ओढून लावला..."

"द्रौपदाचं नाही विचारलं. सभेचं विचारलं."

"सभेत तीच तर होती!"

"आबासाहेबांचा फोटो कसला लावला होता? फेट्यातला का बोडका?"

शेवंता चप्पल काढायला वाकली.

"...हार मोठा होता," ती म्हणाली.

आक्कानं एक खडा काढून बाजूला टाकला.

"माणसं?"

"मावत नव्हती. मंत्री आला, कलेक्टर आला. आणि एवढ्यांच्या पुढं गायला कोण, तर ती! टाळ कसा धरायचा हे मी शिकवलं तिला, आक्का. मी! सात वर्षं झाली मला इथं. तिला चारसुद्धा नाहीत."

"पुढं?"

आता मात्र शेवंताचा चेहरा खुलला. ती बसली.

"पुढंच तर मजा. शेवटच्या कडव्याला बाईसाहेब अडल्या. आबासाहेबांची बायको समोर बसली होती. सकाळपासून नुसती दगडासारखी. ती एकदम हमसून रडायला लागली. झालं! ही बघतच राहिली. गाणं थांबवलं. अर्धवट! टाळ खाली ठेवला, स्टेजवरून उतरली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. तोंडातून एक शब्द नाही."

"रडू दिलं तिला?"

"दिलं की. अख्खी सभा ताटकळली. पुढारी घड्याळं बघायला लागले. मठाची लाज जायची वेळ आली."

"मग?"

"मग मी उठले."

आक्काचा हात सुपात थांबला.

"शेवटचं कडवं मी म्हटलं. जागेवरून. माइक नाही, पेटी नाही. पार फाटकापर्यंत आवाज गेला. आणि टाळ्या वाजल्या, आक्का! शोकसभेत टाळ्या! मंत्र्याला वाजल्या नाहीत. तिला वाजल्या नाहीत. मला वाजल्या."

"आणि ती?"

"द्रौपदा ना? मान खाली घालून..."

"जिचा नवरा गेला, ती."

शेवंताला आठवावं लागलं.

"तिनं... डोळे पुसले. पदर सारखा केला. ताठ बसली." शेवंताचा आवाज जरा खाली आला. "मला हात जोडले तिनं."

"परत रडली?"

"...नाही."

बाहेर कुणीतरी ओढ्यावर धुणं आपटत होतं. आक्कानं सूप बाजूला ठेवलं.

मग शेवंताला राहवेना. "आता तरी सांग. वीणा माझी का तिची?"

आक्का उठली. खुंटीवरची वीणा काढली आणि सरळ शेवंताच्या गळ्यात घातली.

शेवंता बावरली. रिवाजाप्रमाणं वाकून पाया पडली. रिवाजाप्रमाणं आक्काही तिच्या पाया पडली.

"द्रौपदाला कळलं की..." शेवंता हसली आणि तिनं तारेवर बोट ठेवलं.

आक्कानं ते बोट धरलं.

"निंबोऱ्यांच्या घरी जाऊन बस. ती बाई रडेपर्यंत तार छेडू नकोस."