वाढणारीने बसावं कुठे?

महायुद्ध संपलं आणि जिंकलेल्या दोस्तांमध्येच वाकडं आलं. अमेरिका आणि रशिया एकमेकांचं तोंड बघेनात. तेव्हा युरोपातल्या एका छोट्या राजधानीत मनोरमाबाई दिघे भारताच्या राजदूत होत्या. दोन्हीकडच्या छावण्यांत युद्धात पकडलेले आजारी कैदी अजून खितपत पडले होते. पण सुटकेचं बोलणं आधी कुणी काढायचं, इथेच घोडं पेंड खात होतं.

बाईंनी दोन्ही देशांच्या राजदूतांना त्यांच्या माणसांसकट जेवायला बोलावलं. मानाच्या खुर्चीवरून जुंपणार हे ओळखून त्यांनी टेबलच बाहेर काढलं आणि समोरासमोर दोन पंगती मांडल्या. एकीत अमेरिकन, दुसरीत रशियन. स्वतः पदर खोचून मधून वाढू लागल्या.

मांडी घालताना दोघेही राजदूत सारखेच कण्हले. तरी अमेरिकन साहेबांचा तोरा उतरेना. भर पंगतीत ते गरजले, "बाई, तुम्ही नक्की कुणाकडून? कुठल्यातरी एका पंगतीत बसा, नाहीतर मी हा उठलो!"

रशियन साहेबांचाही घास हातातच थांबला. बाईंच्या डोळ्यांपुढे ते कैदी आले, पण त्यांनी वरण वाढणं थांबवलं नाही.

"बसते की," त्या म्हणाल्या. "पण साहेब, वाढणारीच एका पंगतीत बसली, तर दोन्ही पंगती उपाशी राहतील. आणि आमच्याकडे शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कुणी उठत नाही."

रशियन साहेब खो खो हसले. अमेरिकन साहेब पुन्हा नीट बसले आणि पुटपुटले, "मग तोवर यांच्याशी बोलू तरी काय?"

"कैद्यांचं बोला," बाई म्हणाल्या, आणि जेवण लवकर आटपू नये म्हणून दोघांच्याही ताटात जिलब्यांचा ढीग वाढला.