मूठभर गोळ्या आणि भैरोबाचा नगारा

एका अवघड घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात शास्त्रीबुवा नावाचे एक वैद्य राहत होते. त्यांना कुणाचं कण्हणं म्हणून ऐकवत नसे. घाटात गाडी कलंडली, बैलाने कुणाला उडवलं, कुणी कड्यावरून घसरलं, की लोक जखमी माणसाला उचलून थेट शास्त्रीबुवांच्या ओसरीवर आणून टाकत. शास्त्रीबुवा हाड बसवत, लेप लावत आणि निघताना अफूच्या गोळ्या मूठभर बांधून देत. "पुन्हा एवढी पायपीट कशाला करता?" असं वर म्हणत. लोक त्यांना देवमाणूस म्हणायचे. शास्त्रीबुवांनाही ते ऐकायला आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

गावातल्या भैरोबाच्या देवळात येसबा नावाचा नगारची होता. पहाटे त्याने नगाऱ्यावर टिपरी टाकली की सगळं गाव उठायचं. गाईंच्या धारा निघायच्या, चुली पेटायच्या, आणि शास्त्रीबुवांचाही डोळा तेव्हाच उघडायचा. एकदा हा येसबा शिडीवरून पडला आणि त्याचा खांदा निखळला. शास्त्रीबुवांनी खांदा झटक्यात बसवला आणि नेहमीप्रमाणे मूठभर गोळ्या दिल्या.

आठवड्यात खांदा बरा झाला, पण येसबाच्या ओसरीवरच्या खेपा काही थांबेनात. आज गुडघा दुखायचा, उद्या कंबर. एकदा तर तो उजव्या पायाने लंगडत आला आणि गोळ्या मिळाल्यावर डाव्या पायाने लंगडत गेला. ओसरीवरची माणसं तोंडाला पदर आणि उपरणी लावून हसली. शास्त्रीबुवांनी मात्र मान वर करून पाहिलंच नाही. त्यांची मूठ आपली सैलच राहिली.

मग एक दिवस गाव उठलंच नाही. उन्हं अंगणात आली तरी सगळे घोरत होते. गाई हंबरून हंबरून दमल्या. शास्त्रीबुवा डोळे चोळत बाहेर आले, तर दारात येसबाची बायको सगुणा उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"शास्त्रीबुवा, धनी हलवून उठंनात. श्वास तर जणू मोजून घेत्यात."

शास्त्रीबुवा अनवाणीच देवळाकडे धावले. नगाऱ्याला टेकून येसबा पडला होता आणि शेजारी गोळ्यांची रिकामी पुरचुंडी होती. त्यांनी त्याच्या तोंडावर घागरभर पाणी ओतलं, त्याला गदागदा हलवलं, हाका मारमारून डोळे मिटू दिले नाहीत. दुपार कलल्यावर येसबा नीट श्वास घेऊ लागला आणि तेव्हाच शास्त्रीबुवा खाली बसले.

सगुणा म्हणाली, "औषध तुमीच दिलं हुतं. आता माझा माणूसबी तुमीच परत द्या."

दुसरा कुणी असता तर येसबावरच खेकसला असता. शास्त्रीबुवा म्हणाले, "सगुणे, खांदा बसवला तिथे माझं काम संपलं असं मला वाटलं. चूक त्याची नाही, माझी आहे."

येसबा हात जोडून म्हणाला, "शास्त्रीबुवा, गोळी नसली की अंगाची आग व्हतीया. आता एकदम तोडू नगा."

"एकदम नाही तोडणार. पण गोळी मी माझ्या हाताने देणार, आणि तीही नगारा वाजल्यावर."

पहिल्या आठवड्यात गोळी हरभऱ्याएवढी होती. मग ती तुरीएवढी झाली, मग मुगाएवढी. येसबा कधी रडला, कधी शास्त्रीबुवांवर चिडला, पण नगारा रोज वाजू लागला. सुरुवातीला ठेका असा अडखळायचा की कोंबडीही दचकायची, तरी गाव उठायचं. गोळी राजगिऱ्याएवढी झाली तेव्हा येसबा हसून म्हणाला, "ही तर दाताच्या फटीतच अडाकली की! उद्यापास्नं नगं." सगुणेने त्या दिवशी साऱ्या आळीत गूळ वाटला.

तेव्हापासून ओसरीवरची रीत बदलली. आधी शेक आणि लेप. फारच दुखत असलं तर तीन गोळ्या, घरच्या माणसाला नीट समजावून. चौथ्या दिवशी येऊन दाखवायचं आणि उरलेली गोळी परत आणायची. लोक कुरकुरले. देवमाणूस आता कंजूष झाला म्हणाले. शास्त्रीबुवांना वाईट वाटलं, पण त्यांनी मूठ काही उघडली नाही.

जत्रेत खुद्द पाटील घोड्यावरून पडले. हात मोडला होता आणि ते ओसरी डोक्यावर घेत होते.

"शास्त्रीबुवा, मूठभर द्या! मी गावचा पाटील आहे."

"हाड पाटलाचं असो की कुणाचं, गोळ्या तीनच."

"मग दुसरा वैद्य आणतो गावात!"

"जरूर आणा. त्यालाही मी तीनच द्यायला सांगेन," शास्त्रीबुवा म्हणाले आणि शांतपणे हाताला बांबूच्या कामट्या बांधत राहिले. दुसरा वैद्य आला असता तर त्यांची ओसरी ओस पडली असती, हे त्यांना ठाऊक होतं.

पाटील तणतणत गेले. चौथ्या दिवशी अगदी पहाटे ते हात गळ्यात अडकवून परत आले आणि एक गोळी शास्त्रीबुवांपुढे ठेवली.

"ही उरली. दुखलं, पण सोसलं. आता खरं सांगा, माझ्यासारख्याला नाही म्हणायचं धाडस तुम्हांला कुठून आलं?"

तेवढ्यात भैरोबाच्या देवळात नगारा दणाणला. ठेका खणखणीत होता. घराघरांतून कड्या निघाल्याचे आवाज आले.

शास्त्रीबुवांचे डोळे भरले, आणि ते हसलेही. "पाटील, हा आवाज मी एकदा बंद पाडला होता," ते म्हणाले.

तात्पर्य: दुखणाऱ्याला मागेल तेवढं औषध देणं ही दया नव्हे, लागेल तेवढंच द्यावं आणि दिल्यानंतरही त्याची विचारपूस करत राहावं.