मुनियाच्या पिल्लाचं चिव

एक होती मुनिया. अंगठ्याएवढी! बिस्किटांच्या कारखान्यामागे बाभळ, बाभळीवर तिचं घरटं. घरट्यात एक पिल्लू. पिल्लू रोज म्हणायचं, चिव!

एकदा सकाळी पिल्लानं चोच उघडली. खों खों! पुन्हा उघडली. खों खों खों! चिव काही येईना. घशात काजळीच काजळी.

मुनिया निघाली. भुर्र भुर्र! गेली धुराड्याकडे.

"धुराड्या, धुराड्या, धूर हटव.
पिल्लाला चिव येईना!"

"भक भक! मी नाही हटवत जा. भट्टी निजली तर हटवीन."

भुर्र भुर्र! गेली भट्टीकडे.

"भट्टीबाई, भट्टीबाई, नीज ना गं.
धूर हटेना,
पिल्लाला चिव येईना!"

"धग धग! मी नाही निजत जा. कोळसा थांबला तर निजेन."

भुर्र भुर्र! गेली कोळशाच्या ढिगाकडे.

"कोळसोबा, कोळसोबा, थांब की रे.
भट्टी निजेना,
धूर हटेना,
पिल्लाला चिव येईना!"

"खड खड! बोटीत बसून लांबच्या देशातून आलो, ते काय थांबायला? सहादूमामा फावड्यानं भट्टीत टाकतो मला. त्याला सांग जा."

भुर्र भुर्र! गेली सहादूमामाकडे.

"मामा, मामा, ऐक ना रे.
कोळसा थांबेना,
भट्टी निजेना,
धूर हटेना,
पिल्लाला चिव येईना!"

मामाच खोकला. खों खों! "बाई गं, मी हुकमाचा ताबेदार. साहेबाला सांग जा."

भुर्र भुर्र! गेली साहेबाकडे. साहेब चहात बिस्कीट बुडवत होता.

"साहेब, साहेब, सांगा ना हो.
मामा ऐकेना,
कोळसा थांबेना,
भट्टी निजेना,
धूर हटेना,
पिल्लाला चिव येईना!"

"हॅट! पाच देशांत माझे कारखाने. पाचही ठिकाणी कोळसाच. स्वस्त पडतो! आज सण, तरी काम चालू. चल, पळ!"

अस्सं? मुनियाला आला राग. एवढीशी मुनिया, पण राग केवढा!

त्या दिवशी होती खंडेनवमी. खंडेनवमीला अवजारांना फूल वाहतात. फूल वाहिलं की अवजाराला दिवसभर सुट्टी. दारावर झेंडूचं तोरण होतं. मुनियानं एक फूल ओढलं. ओढलं, ओढलं, टप्! नेऊन ठेवलं फावड्यावर.

मामानं हात जोडले. फावडं भिंतीशी टेकवलं.

साहेब धावत आला. "उचल ते फावडं!"

"पूजेचं फावडं मी नाही उचलत, साहेब. तुम्हीच उचला."

साहेबानं हात पुढे केला. हळूच मागे घेतला. त्याचीही छाती होईना.

मग काय!
मामानं ऐकलं,
कोळसा थांबला,
भट्टी निजली,
धूर हटला,
अन् पिल्लू म्हणालं, चिव!

"मामा, उद्या काय रे?" मुनियानं विचारलं.

"उद्या फावडं उचलावंच लागेल गं. पोटाला खायचं काय?"

"म्हणजे वर्षभराची हवा तुमची, अन् आमचा एकच दिवस? वा रे न्याय!"

मामा पुन्हा खोकला. खों खों!

पिल्लू मात्र चिव चिव करतच राहिलं. ऊन उतरलं तरी थांबेना. मुनिया शेजारी बसून राहिली. तिनं त्याला एकदाही गप्प केलं नाही.