एकही चूक नसलेलं पत्र

“...पण आबा, चूक दाखवली, ह्यात माझं चुकलं कुठं?”

मायाप्पा आबांनी मान वर केली नाही.

एक मेंढी आडवी पडली होती आणि तिच्या पोटावर आबांचा तळवा होता. भोवती बाकीची मेंढरं, आणि मेंढरांभोवती ताणलेलं जाळं. माळावर सकाळचं ऊन पडलं होतं, पण वारा असा की कान बधिर व्हावेत.

दातीर मास्तर जाळ्याच्या बाहेर उभे. सदऱ्याची इस्त्री मोडलेली नाही, खिशाला दोन पेनं. एक निळं, एक लाल.

मास्तरांनी चौतीस वर्षं तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. लोकांनी त्यांना विचारायचं आणि त्यांनी सांगायचं, हीच सवय. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला काही विचारायला निघाले होते, आणि तेही एका अक्षर न वाचता येणाऱ्या मेंढपाळाला.

तसे आबांकडे बरेच जण यायचे. घरात अबोला आला, भावाभावांत फाटलं, की माणूस माळ चढायचा. आबा बोलायचे थोडंच. पण उतरताना माणसाची चाल बदललेली असायची, एवढं खरं.

“आत या की,” आबा म्हणाले. “भाईर वारं लागतंय.”

मास्तर जाळं ओलांडून आत आले. लेंड्या चुकवत चुकवत एका दगडावर बसले. बसण्याआधी दगडावर रुमाल अंथरला.

“ही पहिलारू हाय,” आबा मेंढीकडे बघत म्हणाले. “पैल्यांदाच वितीया. घाबरलीया... हं, बोला तुमी. ती बी ऐकंल.”

मास्तर बोलू लागले. आधी आपल्या वहीबद्दल. वही कसली, पोथीच ती. अकरा वर्षं राबून त्यांनी इंग्रजीतल्या एकमेकांसारख्या शब्दांच्या जोड्या जमवल्या होत्या. भलेभले ज्यात फसतात अशा. सहाशे चाळीस जोड्या. कुठला शब्द कुठं शोभतो, कुठं टाकला तर हसं होतं, सगळं टिपलेलं.

“येकांदी सांगा बगू.”

“बॉरो आणि लेंड. बॉरो म्हणजे उसनं घेणं. लेंड म्हणजे उसनं देणं. पोरं हमखास उलटं लिहितात.”

“आमच्यात दोनीला उसनंच म्हंत्यात.”

“मग कळतं कसं, कोण घेतोय आणि कोण देतोय?”

“दारात कोन हुबा हाय, त्यावरनं.”

मास्तरांना हसू आलं नाही. “असं चालत नाही आबा. शब्दाला शब्दाची जागा असते. आता बघणं घ्या. आपण सगळ्याला बघणंच म्हणतो. इंग्रजीत तीन. सी, म्हणजे आपोआप नजरेला पडलं ते. लुक, म्हणजे मुद्दाम नजर लावून बघितलं ते. आणि वॉच, म्हणजे नुसतं बघत राहायचं, राखण करावी तसं. काय होतंय ते होऊ द्यायचं, नजर हलवायची नाही.”

आबांचा हात थांबला.

“तिसरं बगनं झ्याक हाय.”

“म्हणजे पटलं तुम्हाला.”

“न पटायला काय झालं? ती बगा, शिंगाजवळ काळा ठिपका हाय ती. आन तिच्या मागं तशीच दुसरी. तुमाला दोगी सारक्या. पर एक माझ्या हातावर खाती, आन दुसरी अजून तीन वर्सं झाली तरी हात लावू देत न्हाई. येगळं वळकायला पायजेच मास्तर. न्हाईतर मेंढरं राखायची कशी?”

मास्तर सुखावले. आबा आपल्याच बाजूचे निघाले.

मग त्यांनी खिशातून निळा कागद काढला.

“उदयचं पत्र आलंय.”

उदय मास्तरांचा एकुलता एक मुलगा. नऊ वर्षं झाली, मस्कतला होता. घरी पत्र इंग्रजीतच लिहायचं, हा मास्तरांचा नियम. तेवढाच सराव. पत्र आलं की मास्तर लाल पेनानं चुका दुरुस्त करायचे, समासात अर्थ लिहायचे आणि तेच पत्र उलट टपालानं परत धाडायचे. घरात पत्र म्हणून काही उरायचंच नाही. यमुनाबाई, म्हणजे उदयची आई, दोन दिवस पत्र ठेवायच्या रिकाम्या कोनाड्याकडे बघत बसायच्या.

“वाचा की.”

मास्तरांनी वाचलं आणि मराठीत सांगितलं. तीनच ओळी होत्या.

आम्हाला मुलगी झाली आहे. आम्ही तिघं बरे आहोत. पुढच्या महिन्यात आम्ही हा देश सोडून दुसरीकडे जात आहोत.

“कुटं जात्यात?”

“लिहिलेलं नाही.”

“नवा पत्ता?”

“...तोही नाही.”

वारा जाळ्यातून शिट्टी घालत गेला.

“आबा, हा महिना गेला की मी लिहायचं कुठं? चार दिवस झाले, लिहितोय आणि फाडतोय. हिला विचारलं, तर सकाळी चहा पुढं ठेवून म्हणाली, मला नका विचारू, माझ्याच्यानं नाही सांगवत, आबांकडे जा.”

आबांनी हात पुढं केला. मास्तरांनी कागद दिला.

आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, नाकाशी नेला. हुंगला. अगदी सावकाश, दोन्ही बाजूंनी. मग परत दिला.

“काय?” मास्तरांनी विचारलं.

“काय न्हाई.”

“एकही चूक नाही त्यात,” मास्तर घाईघाईनं म्हणाले. “बघा ना, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. पूर्वी चार चार पानं लिहायचा, आणि पानात दहा-बारा चुका. गेल्या तीन वर्षांत एक चूक नाही.”

“आन पानं?”

मास्तरांनी निळ्या कागदाची घडी घातली.

“तीन वर्सांमागं काय झालं हुतं?”

“काही नाही. नेहमीसारखं पत्र आलं. मी नेहमीसारखं परत पाठवलं. चौदा चुका होत्या. पाठ आहेत मला. अॅडव्हाइस-अॅडव्हाइजचा घोळ, लूझ-लूसचा घोळ, मग...”

“चुका ऱ्हाऊ द्या. पोरानं लिवलं काय हुतं?”

मास्तर क्षणभर अडखळले. जसं कुणी भलत्याच खोलीचं दार लोटावं.

“एक मुलगी होती. तिथं दवाखान्यात नर्स. केरळातली. दुसऱ्या मुलखाची, दुसऱ्या देवाची. लग्न करायचं म्हणत होता. शेवटी लिहिलं होतं, बाबा, तिला घरी...” मास्तर थांबले. “त्यानं टेक लिहिलं होतं. तिथं ब्रिंग पाहिजे. टेक म्हणजे इथून तिकडं नेणं. ब्रिंग म्हणजे तिकडून इकडं आणणं. वाचणारा घरी आहे, म्हटल्यावर ब्रिंगच यायला हवं. मी टेक खोडलं आणि वर ब्रिंग लिहिलं.”

“म्हंजे आना.”

“हो.”

“लाल शाईनं लिवलं तुमी, आना म्हणून. मग आनली न्हाई व्हय त्यानं?”

“आबा, मी शब्द दुरुस्त केला. ते उत्तर नव्हतं.”

“बरं. मग उत्तर कंच्या कागदावर लिवलं?”

मेंढी कण्हली. मास्तर आपल्या बोटांकडे बघत राहिले. नखांच्या कडेला कित्येक वर्षांची लाल शाई मुरलेली होती.

“मला वाटलं,” ते हळूच म्हणाले, “पुढच्या पत्राला लिहू. आधी हे नीट होऊ दे.”

आबांना बोलायला सवड नव्हती. मेंढीनं पाय ताणले, आणि बघता बघता कोकरू बाहेर आलं. पिवळसर, चिकट, गवताच्या काड्या चिकटलेलं, अंगावर अजून पातळ पापुद्रा. आबांनी नाकातोंडावरचा चिकटा बोटानं काढला, एक फुंकर मारली. कोकरू शिंकलं.

मेंढी उठली आणि दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली. आपल्यातून हे काय निघालं, ते तिला समजत नव्हतं.

तेवढ्यात खालच्या ओढ्याकडून कुत्र्यांचं भुंकणं आलं. चार-पाच मेंढरं जाळ्याखालून निसटून तिकडं गेली होती. आबांनी काठी उचलली.

“मी आलोच. एवडं बगा मास्तर.”

“काय करू?”

“तुमचं ते तिसरं बगनं करा.”

आबा उतारावरून दिसेनासे झाले.

मास्तर बघत राहिले. खरंच राहिले, थोडा वेळ. पण कोकरू थरथरत होतं. अंगाला चिखल लागत होता. कानाला रक्ताचा डाग होता. आई असून ही लांब उभी, आणि लेकरू असं लडबडलेलं! स्वच्छ केलं तर जवळ तरी घेईल. मास्तरांच्या हातांना राहवेना. वाकडी ओळ दिसली की ते हात असेच शिवशिवायचे.

जाळ्याच्या कडेला आबांच्या चुलीवर किटली होती. पाणी कोमट होतं. त्यांनी दगडावरचा रुमाल घेतला, भिजवला, आणि कोकराला पुसायला सुरुवात केली. पाठ, पोट, मान, शेपटीखाली. सगळी किटली संपवली. मग आपल्या उपरण्यानं कोरडं केलं. खाली पांढरीशुभ्र लोकर निघाली. मास्तरांचे डोळे भरून आले, इतकं ते गोजिरं दिसत होतं.

त्यांनी ते दोन्ही हातांत धरून आईपुढं ठेवलं.

“घे. तुझंच आहे.”

मेंढी पुढं आली. नाक खाली घातलं. कोकराची पाठ हुंगली, शेपटीखाली हुंगलं. पुन्हा हुंगलं.

मग डोकं खाली घालून तिनं ढुशी मारली.

कोकरू कोलमडलं. मास्तरांनी उचलून परत ठेवलं. तिनं परत ढुशी मारली, आधीपेक्षा जोरात. तिसऱ्या वेळी कोकरू उठलंच नाही. नुसतं ओरडत राहिलं, बारीक आवाजात, आणि मेंढी त्याच्याकडे पाठ करून माळाकडे तोंड वर करून हाका मारायला लागली. तिचं लेकरू तिच्या मागंच पडलं होतं, आणि ती त्याला माळभर शोधत होती.

आबा आले तेव्हा मास्तर कोकराला छातीशी धरून उभे होते.

आबांनी ओला रुमाल बघितला. रिकामी किटली बघितली.

“धुतलं?”

“घाण होती हो आबा सगळी. मी फक्त साफ केलं.”

“ती घान न्हवती मास्तर.” आबांचा आवाज चढला नाही. “त्यावर तिची वळकायची खून हुती.”

“आता?”

“दुपारपातुर चीक प्वाटात गेला न्हाई तर ह्या वाऱ्यात मरंल.”

मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला.

“काहीतरी करा आबा. पाया पडतो.”

“मी न्हाई. तुमी.”

कोकरामागून मेंढीची वार नुकतीच पडली होती. आबांनी ती उचलली, तांबडी, पाणी गळणारी, आणि मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांचे हात मागं झाले. मग पुढं आले.

“लावा त्याला. पाटीला. डोक्याला. शेपटीखाली जास्त. पुसू नका, चोळा.”

मास्तर चोळू लागले. मघाशी जिथं जिथं पुसलं होतं तिथं तिथं. बाह्या भिजल्या, सदरा डागाळला. त्यांना कळत होतं की वास उग्र आहे, पण नाक झाकायला हात मोकळा नव्हता. आबांनी मेंढीला गुडघ्यात धरून तिच्या सडातली चिकाची धार कोकराच्या पाठीवर उडवली.

“हं. ठेवा आता. आन मागं सरा.”

मास्तर मागं सरले. हात पुढं धरून, बोटं फाकवून, जसं कुणी परक्याचं काही सांभाळावं तसं.

मेंढी आली. हुंगलं.

डोकं खाली गेलं...

मास्तरांनी डोळे मिटले. ढुशीचा आवाज आला नाही. आवाज आला तो वेगळाच. घशातल्या घशात, बारीक, गुरगुरल्यासारखा. मास्तरांनी डोळे उघडले. मेंढी कोकराला चाटत होती. कान चाटले, डोळे चाटले, चाटत चाटत मागं गेली. कोकरू धडपडत उठलं, पडलं, उठलं, आणि पोटाखाली शिरलं. चुकून पुढच्या पायाला चोखू लागलं. मेंढीनं त्याला ढकललं नाही. आपलं अंगच फिरवलं आणि कास त्याच्या तोंडाशी आणली.

कोकराची शेपटी हलायला लागली.

मास्तर तिथंच, लेंड्यांत, खाली बसले. किती तरी वेळ बसले. ऊन वर आलं.

“आबा...”

“हं.”

“त्याच्या चार पानांत काय काय असायचं हो. डब्यात काय होतं, कोण रागावलं, झोप लागत नाही म्हणून गच्चीवर जाऊन बसतो. मी ते कधी...”

आबा मेंढीची पाठ थोपटत राहिले.

“त्या मुलीचं, माझ्या सुनेचं, नाव लीना आहे,” मास्तर म्हणाले. “आणि बाळाचं नाव मला माहीतसुद्धा नाही.”

“मग इचारा की.”

“टपाल दुपारी निघतं. पिशवीत कागद आहे माझ्या.” मास्तर धडपडत उठले. कोपरानं पिशवी पुढं ओढली. “आत्ता लिहितो. इथंच. तुमच्यासमोर.”

कागदाला हात लावणार, तोच त्यांचं लक्ष आपल्या हातांकडे गेलं. कोपरापर्यंत लाल, चिकट, काड्या चिकटलेल्या. ते वळले आणि पाण्याच्या घागरीकडे निघाले.

“थांबा आबा, एवढे हात धुतो. कागद खराब होईल.”

आबांनी काठी आडवी धरली.

“ऱ्हाऊ द्या मास्तर. तसंच लिवा.”